सरोज मालवीयने बरोबर शिकवलं होतं

सरोज मालवीय हिच्यावर अन्याय झाला. यंदाच्या किंक्रांतीला, म्हणजे संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी पावणेदहाच्या तासाला, उज्जैनमधल्या माधवनगरच्या एका खासगी शाळेच्या चौथीच्या वर्गात, मुलांच्या देखत. तिने फळ्यावर एक वाक्य लिहिलं होतं. वाक्य बरोबर होतं, तिने ते समजावलं तेही बरोबर होतं, आणि तरी तिच्या हातातलं डस्टर काढून घेऊन ते पुसलं गेलं.

शाळेचं नाव मी देत नाही. घाबरून नव्हे. सरोजनेच देऊ दिलं नाही आणि त्यावरून आमचं चांगलं भांडण झालं, ते पुढे येईलच. तिचं स्वतःचं नाव मात्र तिच्या परवानगीने छापते आहे.

पत्रक लिहायचं शिक्षण मला कॉलेजात मिळालं, वसतिगृहाच्या पाण्याच्या टाकीवरून. तेव्हाच्या आमच्या एका सीनियरने एवढीच गोष्ट घोटून घेतली होती की अन्याय कोणावर झाला आणि कधी झाला हे पहिल्या ओळीत आलं नाही, तर कागद वाया गेला. लोक पहिली ओळ चालता चालता वाचतात. दुसरीसाठी पाय थांबला तरच तुम्ही जिंकलात. तीच सवय इथेही लागली, त्याला इलाज नाही. या अंकाच्या संपादकांनी "कामातले अनुभव लिहा, जरा खुसखुशीत" असं सांगितलं होतं. अशा लेखांत सहसा निवृत्त मंडळी आठवणी सांगतात. मला निवृत्त व्हायला अजून तीसेक वर्षं आहेत, आणि तितके दिवस हे प्रकरण पोटात ठेवण्याची माझी तयारी नाही.

तर माझं काम. देवास गेटला बसस्टँडसमोरच्या गल्लीत एक आटाचक्की आहे. तिच्या वरच्या मजल्यावर मी इंग्रजीचा वर्ग घेते. खाली चक्की चालू असली की वर ओरडूनच शिकवावं लागतं. म्हणून मी लग्नाकार्यातसुद्धा ओरडूनच बोलते, असं माझ्या आईचं म्हणणं आहे. वर्गाला ई-रिक्षावाले येतात, मंदिराच्या बाजूचे लॉजवाले येतात, नर्सिंगच्या मुली येतात, नवऱ्याच्या बदलीमुळे महाराष्ट्रातून इथे आलेल्या बायका येतात. सगळे शाळेत इंग्रजी शिकलेले असतात आणि सगळ्यांना शाळेने एकच आजार दिलेला असतो. प्रत्येक इंग्रजी शब्दाला एक डबा असतो, आणि शब्द जन्मभर त्या डब्यात राहतो, असं त्यांना पढवलेलं असतं. अमुक शब्द नाम, तमुक शब्द क्रियापद. पाठ करा, पेपरात लिहा, विसरा.

हे खोटं आहे. इंग्रजी शब्द कुठल्या प्रकारचा हे तो एकटा उभा असताना सांगताच येत नाही. त्याला वाक्यात बसवा, तिथे तो काय काम करतो ते बघा, मग बोला. मराठीत आपण ‘फोन’ला ‘कर’ लावतो, ‘प्रेस’ला ‘कर’ लावतो. आपला शब्द काम बदलताना सोबत कोणाला तरी घेतो. इंग्रजी शब्द कोणालाही सोबत घेत नाही. तेच कपडे, तोच चेहरा, नुसती खुर्ची बदलली की काम बदललं. ‘आयर्न’ म्हणजे लोखंड, आणि कपड्यांना आयर्न करतात तेही तेच अक्षर न अक्षर. एवढंच आहे. पाचवीतल्या मुलाला दहा मिनिटांत कळतं आणि एम.ए. झालेल्यांना वर्षानुवर्षं कळत नाही, कारण त्यांच्या डोक्यातले डबे आता गंजून बंद झालेले असतात.

मराठी व्याकरणात याला ‘शब्दांची जात’ म्हणतात. हिंदीत ‘शब्द-भेद’. मी उज्जैनची असल्यामुळे मला निवड करता येते आणि मी हिंदीचा शब्द घेते. जात शब्दालासुद्धा जन्मावरून चिकटवायची खोड आपली आपण ओळखावी, एवढंच म्हणते.

माझ्या वर्गात एक सोळंकीजी होते, हरसिद्धीच्या रस्त्यावर त्यांचं लॉज आहे. त्यांनी दारावर मोठ्या इंग्रजी अक्षरांत ‘बुक नाउ’ असं लिहून घेतलं, आणि पेंटरने आपल्या मनाने खाली उघड्या पुस्तकाचं सुरेख चित्र काढून दिलं. बुक म्हणजे किताब, हे त्यालाही शाळेनेच शिकवलेलं. आठवडाभरात दोन मुलं येऊन विचारून गेली की इथे परीक्षेच्या अभ्यासाला बसायला मिळतं का. सोळंकीजी माझ्याकडे आले ते तक्रार घेऊन. म्हणाले, "मैडम, मेरे यहाँ तो एक भी किताब नहीं है, ये अंग्रेज लोग लॉज पे किताब क्यों लिखवाते हैं?" त्यांना मी खुर्चीची गोष्ट समजावली. समजली. चित्र मात्र त्यांनी पुसलं नाही, कारण चित्र चांगलं होतं आणि पेंटरला नाराज का करा.

दुसरे आमचे कुलकर्णी काका. रेल्वेतून निवृत्त, वर्गातले सगळ्यांत वयस्कर आणि सगळ्यांत भांडकुदळ. त्यांचं एकच पालुपद, "ते ठीक आहे ऋता, पण शब्दाचं मूळ घर कोणतं ते सांग." दर आठवड्याला. शेवटी मी त्यांना विचारलं, काका, तुमचं मूळ घर कोणतं? म्हणाले, वाई. मग उज्जैनला तुम्ही कोण? रेल्वेचा माणूस. आणि आता? आता नातवाला शाळेत सोडणारा. "मग मी पेपरात तुमच्यासमोर काय लिहू?" त्यावर काकांनी त्या दिवसापुरती वही मिटली. पुढच्या आठवड्यात परत तेच विचारायला लागले, पण जरा हळू आवाजात.

सरोज ही या सगळ्यांत वेगळी. भैरवगढची. घरात बाटिकचं काम, मेणाच्या वासात वाढलेली मुलगी. डी.एड. झालेली, पहिली ते पाचवी शिकवायची रीतसर पात्रता असलेली. तिला घरून कोणी हाकलत नव्हतं की कोणी डांबत नव्हतं; तिच्या काकांच्या बाटिकच्या कारखान्यात तिची जागा पक्की होती आणि काम तिला येत होतं. तिला वर्ग हवा होता. चौथी-पाचवीचा वर्ग, फळा आणि मुलं. त्यासाठी ती दोन वर्षं भैरवगढहून माझ्याकडे येत होती, कारण याआधी दोन शाळांनी तिला ‘इंग्लिश का बेसिक कच्चा है’ म्हणून परत पाठवलं होतं. आमच्या गावात खासगी शाळांचे मुख्याध्यापक एकमेकांना फोन करून विचारतात. एकदा ‘कच्चा’ म्हणून शिक्का बसला की तो तुमच्या आधी पुढच्या शाळेत जाऊन बसतो. तिसऱ्यांदाही तो बसला, तर चौथी शाळा तिला दारात उभं करणार नव्हती. हे तिलाही माहीत होतं, मलाही.

मी तिला व्याकरण शिकवलं असं म्हणणं खोटं ठरेल. मी तिला फक्त चक्कीच्या आवाजात शिकवायची सवय लावली. बाकी तिचं तिने बसवलं. तिची एक पद्धत होती. पोरांच्या हातात एकेक शब्दाची पाटी द्यायची आणि त्यांनाच ओळीत उभं करून वाक्य करायचं. जागा बदलली की पोराला स्वतःला कळतं आपलं काम बदललं. माझ्या वर्गातल्या रिक्षावाल्यांनाही तिने असंच उभं केलं होतं. एकमेकांना ढकलत, हसत उभे राहिले, पण विसरला नाही एकही.

आता ती शाळा. तिथल्या व्हरांड्यात एक भिंत आहे. लांबच्या लांब, ऑइल पेंटने रंगवलेली. तिच्यावर आठ रंगांची आठ घरं आणि प्रत्येक घरात इंग्रजी शब्द. लाल घर नामांचं, हिरवं क्रियापदांचं, असं. मुलं रोज सकाळी प्रार्थनेहून वर्गात जाताना भिंतीवरच्या शब्दावर टाळी देतात आणि घराचं नाव ओरडतात. "वॉटर, रेड हाउस! रन, ग्रीन हाउस!" पालकांना शाळा दाखवायला आणतात तेव्हा आधी ही भिंत दाखवतात. ऐकायला मोठं गोड वाटतं. ‘वॉटर’ लाल घरात आहे, ऑइल पेंटने आहे, म्हणजे ते पावसाने जायचं नाही की विचाराने.

त्या दिवशी सरोजचा डेमो, म्हणजे नोकरीआधीचा नमुन्याचा तास, होता. आधीच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या होत्या आणि परत येणार नव्हत्या, त्यामुळे नोकरी कायमची होती. शेवटच्या बाकावर मुख्याध्यापिका, मोठ्या मॅडम, बसलेल्या. त्यांना इथे मोठ्या मॅडमच म्हणते. उज्जैनच्या जुन्या मराठी घराण्यातल्या आहेत. त्यांचे पूर्वज सरदारांच्या दप्तरात होते, हे त्या दर हळदीकुंकवाला एकदा तरी सांगतात.

सरोजने फळ्यावर लिहिलं, ‘वुई ड्रिंक वॉटर’. खाली लिहिलं, ‘वुई वॉटर प्लांट्स’. आम्ही पाणी पितो. आम्ही झाडांना पाणी घालतो. तन्वी नावाची एक मुलगी उठून म्हणाली, मिस, वॉटर तर रेड हाउसमध्ये आहे. सरोज म्हणाली, हो, वरच्या वाक्यात आहे. खालच्या वाक्यात बघ, तिथे तो काम करतोय.

एवढ्यावर मोठ्या मॅडम उठल्या. पुढे आल्या, डस्टर घेतलं, खालचं वाक्य पुसलं आणि मुलांकडे वळून हसत म्हणाल्या, "बच्चों, मैडम आज घबरा गई हैं। वॉटर इज अ?" आणि सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "नाउन!" तन्वीसकट.

ऑफिसात तिला सांगण्यात आलं की आवाज चांगला आहे, बेसिक कच्चं आहे, आणखी तयारी करा. तास अर्धाही झाला नव्हता.

ती सरळ माझ्याकडे आली. रडली वगैरे नाही. हातात खडू तसाच होता, तो तिने माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाली की हा त्यांचा आहे, परत द्यावा लागेल. मग झालेलं सगळं सांगितलं. मी ऐकता ऐकताच कागद ओढला. पहिली ओळ माझ्या डोक्यात तयारही झाली होती, शाळेच्या नावासकट. सरोजने कागदावर हात ठेवला.

ती म्हणाली, "दीदी, स्कूल का नाम नहीं।"

मी भडकले. म्हटलं, ज्यांनी तुला वर्गासमोर खोटं पाडलं त्यांची लाज तू राखणार? माफी मागायला लावू आपण, लेखी. त्यावर ती जे म्हणाली ते मी आयुष्यभर लक्षात ठेवणार आहे, कारण इतकी वर्षं पत्रकं वाटून ते मला सुचलं नव्हतं. "माफी का मैं क्या करूँगी? मुझे मेरा पीरियड पूरा करना है। वो बच्ची अब भी सोच रही है कि मैं ग़लत थी।"

तिला तास पुरा करायचा होता. तोच वर्ग, तेच वाक्य, तीच मुलगी. नाव छापलं तर शाळेचं दार बंद होणार, आणि बाकीच्या शाळाही म्हणणार की ही गाजावाजा करणारी आहे. तिचं बरोबर होतं. मला मान्य करायला दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत मी तिला भित्री म्हटलं, तिने मला विचारलं की दीदी ही लढाई तुमची आहे की माझी, आणि खालचा चक्कीवाला वर येऊन विचारून गेला की मॅडम, आज चक्की बंद आहे, तरी एवढा आवाज कसला.

शेवटी पत्रक निघालं ते माझ्या आयुष्यातलं पहिलं, ज्याच्या पहिल्या ओळीत कोणाचंच नाव नव्हतं. गुलाबी कागद, हिंदीत मजकूर. वर ती दोन वाक्यं. खाली असं: घरी एकदा पाणी प्या. एकदा कुंडीत घाला. आता सांगा, दोन्ही वाक्यांत ‘वॉटर’ एकच काम करतोय का? आमच्या शहरात एका शिक्षिकेला याचं बरोबर उत्तर शिकवताना थांबवण्यात आलं. तिला तिचा तास पूर्ण करू द्या.

आम्ही शाळा सुटायच्या वेळी तीन-चार शाळांच्या फाटकांवर ते वाटलं. बसस्टँडवर वाटलं. फ्रीगंजात वाटलं. काही उपयोग झाला नाही, खरं सांगते. लोकांना वाटलं कोचिंगची जाहिरात आहे. पोह्यांच्या गाड्यावर एकाने त्यावर जिलबी ठेवून खाल्ली. त्या शाळेच्या चौकीदाराने तर गठ्ठा घेतला आणि संध्याकाळी नीट बांधून परत आणून दिला, म्हणाला, मैडम, आपके बच गए. गठ्ठे घरी आणून मी माळ्याखालच्या कोपऱ्यात टाकले आणि नवीन काय करायचं या विचाराला लागले.

रथसप्तमीच्या आदल्या दिवशी आमच्याकडे हळदीकुंकू असतं. वडील बँकेच्या नोकरीनिमित्त इकडे आले तेव्हापासून आईने हा नेम मोडलेला नाही. माधवनगर, फ्रीगंज, सगळीकडच्या मराठी बायका येतात. यंदा वाण म्हणून चहाची गाळणी आणि सोबत तिळाच्या वड्यांची पुडी होती. मी वर्गावरून घरी आले तेव्हा बायका निघत होत्या आणि प्रत्येकीच्या हातात गुलाबी पुडी होती.

मी आईला स्वयंपाकघरात गाठलं. ती शांतपणे म्हणाली, "अगं, कोपऱ्यात पडली होती ना ती? मला वाटलं रद्दी. गुलाबी होता कागद, शोभला पण किती. आत बटर पेपर घातलाय, तू पण ना, टेन्शन घेते."

मी विचारलं, मोठ्या मॅडम आल्या होत्या? आई म्हणाली, आल्या होत्या की, त्यांना दोन पुड्या दिल्या, घरी सून आहे.

मी डोक्याला हात लावून बसले. सरोजला काय सांगू? नाव नसलं तरी मॅडमना न कळण्यासारखं त्यात काय होतं? फाटकावर वाटलेला कागद कोणी वाचला नव्हता. आपल्या बायका मात्र वाणाची पुडी सोडताना कागद वाचतात. किराण्याच्या पुडीचा कागद वाचल्याशिवाय न टाकणारी पिढी आहे ही, हे मी कसं विसरले.

त्याच संध्याकाळी फोन सुरू झाले, आणि आईला. एकीने विचारलं की वड्या छान, पण ते पाण्याचं कोडं सुटेना. दुसरीने नातवाला विचारलं तर नातू म्हणाला रेड हाउस, आणि तिने त्याला कुंडीपाशी नेऊन पाणी घालायला लावलं, तर तो म्हणाला, आजी, पण भिंतीवर तसंच लिहिलंय. तो नातू त्याच शाळेतला होता. आईला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिने मला बोलावून विचारून घेतलं, आणि मग रात्रीपर्यंत माझ्यापेक्षा बरं समजावत होती. मी पत्रक लिहिलं, आईने प्रचार केला, तोही वड्यांबरोबर.

दोन दिवसांनी मोठ्या मॅडमचा फोन आला. मला नव्हे, आईलाच. मराठीत बोलल्या, मोजकं. की तुमची मुलगी शहाणी आहे, जरा फार आहे. पालक येऊन विचारतायत. त्या मुलीला पाठवा, तास देते. पण व्हरांड्यात घ्यायचा, भिंतीसमोर, आणि ज्यांना बघायचंय ते पालक बघतील.

सापळा आहे, मी म्हटलं. भिंतीसमोर उभं करून भिंतीच्या विरुद्ध बोलायला लावायचं आणि पोरांकडून ओरडून घ्यायचं. सरोजने फक्त विचारलं, चौथीचाच वर्ग ना? आणि तन्वी असणार ना?

फेब्रुवारीतल्या त्या सकाळी व्हरांड्यात सतरंजीवर मुलं बसली होती. मागे खुर्च्यांवर पालक, बहुतेक त्याच हळदीकुंकवाच्या बायका, आणि माझी आई पहिल्या रांगेत, जणू सत्कार तिचाच. मोठ्या मॅडम कडेला उभ्या. मी खांबामागे, कारण सरोजने बजावलं होतं की दीदी, तुम्ही तोंड उघडायचं नाही.

सरोजने भिंतीला चुकीचं म्हटलंच नाही. ती म्हणाली, चला, आज वाक्य पायांनी बनवू. मी शब्द बोलेन, तुम्ही त्या शब्दाच्या घरासमोर जाऊन उभे राहा. एक मुलगा ‘वुई’ झाला, सर्वनामांच्या पिवळ्या घराकडे पळाला. तन्वी ‘वॉटर’ झाली, लाल घरासमोर. आणखी एक ‘प्लांट्स’, तोही लाल घरासमोर. वाक्य झालं, वुई वॉटर प्लांट्स. मुलांनी टाळ्या दिल्या.

मग ती गप्प राहिली. डेमोत गप्प राहायला छाती लागते. मुलं भिंतीकडे बघत होती. हिरव्या घराच्या दारावर त्याच भिंतीवाल्यांनी मोठ्या अक्षरांत रंगवलेलं आहे की क्रियापदाशिवाय वाक्य होत नाही. पोरं तेही रोज ओरडतात. आणि हिरव्या घरासमोर कोणीच नव्हतं.

तन्वी लाल घरापुढून म्हणाली, "मिस, ग्रीन हाउस में तो कोई गया ही नहीं।"

सरोजने विचारलं, मग वाक्य चुकलं का? पोरं म्हणाली, नाही. मग झाडांना पाणी कोण घालतंय? थोडी कुजबुज झाली. तन्वीने एकदा मोठ्या मॅडमकडे पाहिलं, एकदा सरोजकडे, आणि चालत जाऊन हिरव्या घरासमोर उभी राहिली. कोणी सांगितलं नव्हतं. सरोजने पुढचं वाक्य दिलं, वुई ड्रिंक वॉटर, आणि ती पळत परत लाल घरासमोर. मग काय, पोरांना खेळच मिळाला. ‘प्लांट’ला पळवलं, ‘लाइट’ला पळवलं. एकजण ‘राउंड’ होऊन इतक्या घरांमधून फिरला की धापा टाकायला लागला.

मोठ्या मॅडम मध्ये पडल्या नाहीत. एकदा त्यांनी स्वतःच विचारलं, आणि ‘फास्ट’? आणि मुलं भांडायला लागली तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं, ते मी पाहिलं. घंटा झाली. तास पुरा झाला.

नंतर ऑफिसात तिघीच होतो. मॅडम सरोजला म्हणाल्या की तू पक्की आहेस, मी त्या दिवशी घाई केली. एवढं बोलायला त्यांना किती जड गेलं असेल हे मला कळत होतं, मान देते. मग म्हणाल्या, नोकरी देते, पण एक आहे. भिंत वरून येते, पेपर वरून येतो, उत्तरंही वरून येतात. वर म्हणजे ज्यांच्या नावाने ही शाळा चालते ते, दुसऱ्या शहरातले. पेपरात नुसता शब्द असतो, ‘वॉटर’, पुढे रिकामी जागा. तिथे मुलांनी ‘नाउन’च लिहिलं पाहिजे. वर्गात काय हवं ते शिकव, पेपराच्या आधी मात्र त्यांना सांगायचं की भिंतीप्रमाणे लिहा.

मला वाटलं ती हो म्हणेल. म्हणावं, असंही वाटलं. नोकरी होती, शिक्का पुसला गेला होता, तास झाला होता. मी पत्रकवाली, तरी मला वाटलं.

सरोज म्हणाली, "मैडम, पेपर में शब्द के साथ वाक्य छपवा दीजिए। बस इतना। फिर जो बच्चा लिखेगा, सही लिखेगा।"

मॅडम म्हणाल्या, वर विचारावं लागेल.

"पूछ लीजिए। मैं रुकूँगी। पर तन्वी को वापस लाल घर में खड़ा मैं नहीं करूँगी।"

मॅडमनी विचारलं. खरंच विचारलं, मला खात्री आहे. वरून उत्तर आलं की इतर कुठल्या शाळेतून अशी मागणी नाही, पालकांची लेखी तक्रार नाही, मग पेपर का बदला. एप्रिलमध्ये जागा दुसऱ्या बाईंना गेली. त्या बाई वाईट नाहीत. त्या भिंतीप्रमाणे सांगतात. मोठ्या मॅडमनी एवढं केलं की बाकी शाळांना फोन करून सांगितलं, सरोजचं इंग्लिश पक्कं आहे. त्यामुळे पुढे तिला दोन ठिकाणी बोलावणं आलं. दोन्हीकडे भिंत नव्हती, पण पेपर तसाच होता. दोन्हीकडे तिने तेच विचारलं आणि दोन्हीकडून अजून उत्तर नाही. सध्या दुपारी ती माझ्याबरोबर चक्कीच्या वर शिकवते आणि सकाळी काकांच्या कारखान्यात बसते. मला अभिमान आहे आणि मला संताप आहे. कुठला जास्त ते दिवसावर अवलंबून असतं.

मोठ्या मॅडम मला दसऱ्याला रस्त्यात भेटल्या. म्हणाल्या, नव्या सत्रात आणखी एक वर्ग वाढतोय, जागा आहे. वरून पेपर बदलला तर उद्या घेते तिला. मी म्हटलं, वर कोण ऐकणार? त्या म्हणाल्या, "माझं नाही ऐकत. पालकांचं ऐकतात."

म्हणून हा लेख. तुम्ही पालक आहात, नाहीतर आजी-आजोबा, काका-मावशी आहात. तुमच्या घरात शाळेत जाणारं एक तरी मूल आहे, आणि त्याचे सहामाहीचे पेपर नुकतेच घरी आलेत. इंग्रजीचा पेपर काढा. एकटा शब्द देऊन त्याचा प्रकार विचारणारा प्रश्न शोधा. बहुधा तो असेलच, तुमच्याही शहरात. त्याच्या शेजारी पेनाने दोन शब्द लिहा: ‘वाक्य द्या’. खाली सही करा, पूर्ण नाव घाला. मुलाच्या दप्तरातून पाठवू नका, तिथून ते हरवतं. दिवाळीची सुटी संपून शाळा उघडेल त्या दिवशी स्वतः जा, ऑफिसात पेपर टेबलावर ठेवा, आणि तो वर पाठवतो असं तुमच्या तोंडावर कबूल होईपर्यंत खुर्चीवरून उठू नका.